मोहाच्या बुडाशी पेरलेलं

"मायच्या सावलीतून लेकरू काढू नाही,
दूरच्या उन्हाले गं, ओल कोणाची नाही..."

जातं ओढता ओढता आई म्हणायची. रंगराव तेव्हा पाच-सहा वर्षांचा, पिठात बोट बुडवून बसलेला. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण तो आवाज कानातून हलला नव्हता. आणि जून सरता सरता त्याची बायको पंचफुला ओटीत मोहाच्या बिया घेऊन धुऱ्याकडे निघाली, तेव्हा तिच्याही तोंडी सासूची तीच ओवी होती.

मेडशीच्या अलीकडे त्यांचं शेत. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आजोबांच्या हातचा मोह. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवाला पहिली डहाळी याच झाडाची लागायची. लेक राधिकाच्या मांडवालाही लागायची होती. मागच्या वर्षी वीज पडली आणि झाड अर्धं वाळलं. यंदा उरल्या फांद्यांना टोळ्या, म्हणजे बियांची फळं, लागल्या होत्या. पुढच्या वर्षी लागतील, असं झाडाकडे पाहून कोणी म्हणालं नसतं.

"याचं लेकरू याच्याच जागी उभं राह्यलं पाहिजे," पंचफुला म्हणाली. तिनं बुडाशी माती भुसभुशीत केली आणि सगळ्या टोळ्या तिथंच लावल्या, बोटाला बोट लागेल इतक्या जवळ.

शेजारचे मारोतराव बांधावरून ओरडले, "वहिनी, झाड लावता का मूग पेरता?"

"तुमचं काय जाते, भाऊजी? माय जवळ असली म्हंजे लेकराले दाटी होत नाही."

रंगराव विळा हातात धरून उभा होता. मिरची-वांग्याची रोपं करून मालेगावच्या बाजारात विकण्यात त्याची हयात गेली होती. दाट पेरलेल्या वाफ्यात मर शिरली की एका रोपाची मान मोडते, ते शेजारच्यावर पडतं आणि आठ दिवसांत वाफा झोपतो. ज्या मातीत मिरची झाली तिथं लगेच मिरचीचं रोप तो कधी टाकत नसे. आणि ही माती तर साठ वर्षं मोहाचीच पानं, मोहाचीच फुलं खात आलेली. मोहाचा जो काही रोग असेल, तो इथं पाट मांडून बसलेला असणार.

"आयक ना," त्यानं तोंड उघडलं.

"तुमी हात नका लावू," पंचफुलानं त्याला तोडलं आणि ती मारोतरावांकडे बघून हसली. "यायच्या हातची मिरची मागच्या साली मांडवातल्या म्हाताऱ्यावानी बसल्या जागी झोपली. साऱ्या बाजारानं पाह्यलं."

मारोतराव खो खो हसले. रंगरावानं तोंड मिटलं, विळा उचलला आणि तो गवताकडे वळला.

टोळ्या उगवल्या. तांबूस, लुसलुशीत, एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून. पंचफुला डब्यातली भाकरही तिथंच बसून खायची. मग झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही, आणि पाचव्या दिवशी खोडाजवळची रोपं आडवी झालेली दिसली. मातीलगत मान काळी, सुतासारखी बारीक. तिनं राख टाकली. हळदीचं पाणी शिंपडलं. रंगराव मुकाट्यानं राखेची टोपली धरून उभा राहायचा. राखेनं काही व्हायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. पोळ्यापर्यंत बुडाशी नुसती काळी माती राहिली.

त्याच आठवड्यात मारोतराव हसत हसत आले. हातात वीतभर उंचीचं, तकतकीत पानांचं मोहाचं रोप.

"घ्या वहिनी! माह्या पल्याडच्या धुऱ्यावर होतं, एकटंच. वटवाघळानं टोळी नेऊन टाकली असन. म्हटलं कुदळीनं काढतो अन् देतो."

पंचफुलानं दोन्ही हातांनी रोप घेतलं आणि उलटं करून पाहिलं. सोटमूळ बोटभर खाली तुटलेलं होतं. उरलेलं मारोतरावांच्या धुऱ्यात. मोहाचं मूळ आधी खोल जातं, पान मागून येतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

तरी तिनं ते लावलं. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली.

मग ती पल्याडच्या धुऱ्यावर जाऊन आली. आणखी एखादं सापडेल म्हणून गवत न् गवत चाळून आली. येऊन मोहाला टेकून बसली. वर फांद्या कोरड्या वाजत होत्या.

"तिथं एकटं कसं वाढलं हो?" ती म्हणाली. "ना माय जवळ, ना कोणी पाणी घालाले. अन् इथं मायच्या पायाशी सारेच्या सारे गेले. माह्याच हातात काही वंगाळ असन. राधिकाच्या लग्नात डहाळीले मी हात लावणार नाही."

रंगराव तिच्यासमोर खाली बसला. गप्प राहणं आताही सोपं होतं. उद्या ती आणखी एखादं कारण शोधून स्वतःच्याच माथी मारून घेणार होती.

"तुह्या हाताचं काही नाही," तो म्हणाला. "बुडाशी नको, दाट नको, दूर दूर लाव, एवढंच सांगाचं होतं. मले पेरणीच्या दिवशीच माहीत होतं हे मरणार. मी मुद्दाम बोललो नाही. वाटलं, माह्या मिरचीले हसली ना, एक डाव तुहंबी मरू दे."