पुदिन्याचे पाणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. काळा, घट्ट झाकणाचा, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहणारा. माझ्या पोटात एक चक्री आहे. अंधारात तिच्यावर कॅमेऱ्यातला रोल गुंडाळायचा, झाकण लावायचे आणि वरच्या भोकातून औषध ओतायचे. फिल्मवर लपलेले चित्र ते औषध उमटवते. तोवर प्रकाशाचा एक किरणही आत शिरला, तर सगळे संपले. म्हणून मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

माझे मालक फोटोग्राफर होते आणि माझ्याहून संशयी. दूध हुंगल्याशिवाय ते चहा करत नसत. गिऱ्हाईक शपथेवर सांगे, "मी हललो नाही," तरी ते दुसरा फोटो काढत. कितीतरी चेहरे माझ्या पोटातून बाहेर आले. लोक मालकांचे कौतुक करत आणि मालक मला पुसून ठेवत. मग रोल येईनासे झाले. मी फळीवर धूळ खात पडलो. औषधाची पूडही पुड्यातच तपकिरी पडून वाया गेली आणि नवी कुठे मिळेना.

एके दिवशी मालकांची भाची आली. तिच्या हातात तिच्या आईचा कॅमेरा होता आणि आत न धुतलेला रोल. तिची आई, म्हणजे मालकांची धाकटी बहीण, जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात फोटो काढायची ती आईच. त्यामुळे तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. असलाच तर या रोलमध्ये.

"मामा, औषध मी बनवते. पुदिन्याचं."

"रोल धुवायचाय की पोट साफ करायचंय?"

"पानं उकळायची, गाळायची, त्यात सोडा आणि सी जीवनसत्त्वाची पूड घालायची. लोक करतात हो!"

"लोक तर रोल संपला का, ते कॅमेरा उघडून बघतात."

मला मालकांचेच पटले. ते हिरवट-तपकिरी पाणी पाहून माझ्या अंगावर काटा आला. पानाचा एखादा कण चेहऱ्यावर चिकटला तर? पाणी पडलेच नाही काही कामाचे तर? रोल एकदाच धुतला जातो, मित्रांनो. बिघडला की बिघडला.

"आधी तुकडा, मग रोल," मालक म्हणाले. रोलचे बाहेर राहिलेले टोक उजेड खाल्लेले असते. चांगल्या औषधात ते काळे व्हायलाच हवे. त्यांनी ते कापून पेल्यातल्या पाण्यात टाकले. तुकडा ढिम्म.

"थोडं थांबू या ना, मामा."

"किती? माझे उरलेले केस गळेपर्यंत?"

भाचीचे डोळे भरून आले. मला वाटले, आता मालक रोल परत करतील. पण त्यांनी विचारले, "सोडा कुठला घातलास?"

"स्वयंपाकघरातला. सोडा म्हणजे सोडाच ना?"

"अगं, तो केक फुगवायचा! यात कपडे धुण्याचा लागतो, तिखट."

मग तो केकचाच सोडा त्यांनी कोरड्या कढईत तापवला. तो पाण्यासारखा खदखदला आणि शांत झाला. "झाला तिखट," मालक म्हणाले. पाण्यात तो घालून त्यांनी दुसरा तुकडा टाकला आणि तो हळूहळू काळाकुट्ट झाला. मालकांनी तो खिडकीशी धरून दोनदा पाहिला. मग पाणी निवू दिले, फडक्यातून पुन्हा गाळले आणि तेव्हा कुठे अंधार करून माझे झाकण काढले.

धुतलेला रोल भाचीने उजेडात धरला. खिडक्या, चपला, झोपलेले मांजर. आणि मग एक बाई, एक हात तोंडावर धरून हसणारी, दुसरा पुढे केलेला.

"हा मी काढलाय," मालक पुटपुटले. "माझ्या हातून कॅमेरा ओढून घेत होती ती."

निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे दिसते. त्या बाईचे केस पांढरेशुभ्र होते.

"मामा, आई म्हातारी झालेली दिसतेय," भाची म्हणाली. मालक चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात असा रोल पडला असेल. नव्या उपायावर संशय जरूर घ्या. पण संशय घेऊन खण लावून टाकू नका. एक तुकडा कापून पाहा. आणि तो रोल लवकर बाहेर काढा, कारण त्यातला चेहरा ओळखणारे कोणीतरी तेव्हा शेजारी उभे असायला हवे.