भेटीची नोंद नाही

रखमाला टीबीच्या इस्पितळात दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी आठ महिने सांगितले. बायको वाचणार, एवढ्यावरच जानूचं समाधान होतं. प्रश्न होता सात वर्षांच्या अरुणाचा. जानू करावे गावचा, होडी घेऊन खाडीत जाणारा. भरती आज पहाटेची, तर चार दिवसांनी दुपारची. पोरीला सांभाळायचं कोणी? थोरल्या भावाच्या बायकोने तिला ओटीवरूनच परत पाठवलं. "टीबीच्या घरातली पोर. माज्या घरात पन लहान पोरा हायेत," ती म्हणाली.

शेवटी इस्पितळातल्या एका बाईंनी मुलांची सोय लावणाऱ्या ठाण्याच्या एका संस्थेचा पत्ता दिला. तिथल्या जयमाला मॅडमनी चार कागद पुढे केले. जानू चौथी शिकलेला, त्याने सह्या केल्या. मुलीचं प्रकरण न्यायालयासमोर गेलं आणि आई बरी होईपर्यंत तिने वाशीच्या एका कुटुंबात राहावं असा हुकूम झाला.

"महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकरा ते एक, इथे ऑफिसात भेट. बाकी काळजी करू नका," मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्या कागदांवर सही म्हणजे पोर देऊन टाकणं नव्हे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि जानूला विचारायचं सुचलं नाही. गावात परतला तर भावाने तोंडावर ऐकवलं, "दिलीस ना पोर वाशीवाल्यांना?"

पहिल्या शनिवारी तो भरती सोडून ठाण्याला गेला. मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्या महिन्यात मॅडम होत्या, पण अरुणाला ताप होता म्हणून तिला आणलंच नव्हतं. "निरोप तरी धाडायचा," जानू म्हणाला. मॅडमनी विचारलं, "कुठे धाडायचा? तुमच्याकडे फोन आहे का?" तिसऱ्या महिन्यात एकदाची भेट झाली. शिपाई समोर पेपर वाचत बसला होता आणि बापलेक बाकावर एकमेकांकडे बघत होते. निघताना शिपाई म्हणाला, "सही करायची असते. पण वही कपाटात आहे, किल्ली मॅडमकडे, आणि मॅडम मीटिंगला गेल्यात. राहू द्या."

अरुणाला घेऊन आलेल्या वाशीच्या वैजयंतीबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. सोलापूरकडच्या, पन्नाशीच्या, नवरा दिनानाथ बँकेत, मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. बसस्टॉपवर त्या जानूला म्हणाल्या, "अहो, तुम्ही करावेचे ना? मग ठाण्याला कशाला हेलपाटे घालता? रविवारी घरीच या. सायकलवर अर्धा तास."

तेव्हापासून जानू वाशीला जायला लागला आणि वैजयंतीबाईंच्या डोक्याला ताप झाला. हा माणूस कधी सकाळी आठला यायचा, कधी दुपारी सगळे आडवे झाल्यावर. एकदा ओली कोलंबी घेऊन आला. पिशवीतून पाणी गळत होतं, ते तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिनानाथांना बोलावून जाब विचारला. दिनानाथांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. वैजयंतीबाईंनी कोलंबी शेजारच्या मालवणी बाईंना दिली आणि अरुणाला त्यांच्याकडे जेवायला धाडलं.

एवढं त्यांनी चालवून घेतलं. पण सहाव्या रविवारी त्यांनी जानूला जिन्यातच गाठलं. तो चपला हातात घेऊन, आवाज न करता उतरत होता.

"हे काय चाललंय तुमचं?"

"पोर खेळतेय. बघलान तर रडंल."

"तुम्ही गेल्यावर रडत नाही असं वाटतं तुम्हाला? ती घरभर शोधते तुम्हाला. न्हाणीघरात, पलंगाखाली. मग संध्याकाळभर गॅलरीत उभी. सोमवारी अंथरूण ओलं. दर सोमवारी." वैजयंतीबाई दमल्यासारख्या पायरीवर बसल्या. "आणि पुढच्या आठवड्याला घरी नेतो, असं कशाला सांगता तिला?"

"मंग काय सांगू? तिची आय अजून खोकतेय, ता सांगू?"

"तेच सांगा. आई आजारी आहे, औषध चालू आहे, वेळ लागणार आहे. परत कधी येणार तो दिवस सांगा, आणि त्या दिवशी या. नाही जमलं तर खाली वाण्याकडे फोन आहे, त्याच्याकडे निरोप ठेवा. आणि जाताना तिच्यासमोरून जा. रडली तर रडू दे, मी आहे ना."

जानूला राग आला. आपल्याच पोरीशी कसं वागायचं हे ही बाई शिकवणार. चपला घालून तो दोन जिने उतरला. खाली सायकलच्या कुलपाशी बराच वेळ खटपट करत राहिला, मग परत वर गेला. अरुणा दारातच होती. "मी आता चाललू. येत्या रविवारी दुपारी तीनला येन," तो म्हणाला. ती रडली. शर्ट धरून ठेवला तिने, बटण तुटलं. पण त्या सोमवारी अंथरूण कोरडं होतं, असं वैजयंतीबाईंनी पुढच्या खेपेला सांगितलं.

"आणि ती अंधारात झोपत नाही हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"मना कोनी इचारलाच नाय."

रखमा आठाच्या जागी नऊ महिन्यांनी सुटली. जानूने पोर परत मिळावी म्हणून अर्ज केला. तारखेला न्यायालयात जयमाला मॅडमनी फाईल उघडून वाचली, "नऊ महिन्यांत पालकांच्या भेटीची एकही नोंद नाही. पालकांना मुलीत स्वारस्य दिसत नाही. आणखी सहा महिने मुदत वाढवावी."

जानूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "दर रविवारी जातो मी," तो म्हणाला. "ती वही कपाटान होती."

"साहेब, मी सांगते," मागून वैजयंतीबाई उठल्या. "हे दर रविवारी माझ्या घरी येतात. मीच बोलावलं होतं."

"परवानगीशिवाय?" मॅडमनी विचारलं. "नियमाप्रमाणे भेट ऑफिसातच..."

"ऑफिसात तीनदा गेले ते. एकदा तुम्ही रजेवर, एकदा निरोप नाही, एकदा वही कुलपात. नियम मोडला तो मी मोडला, माझ्या नावावर लिहा. पण स्वारस्य नाही असं लिहू नका. या माणसाच्या स्वारस्याने मी हैराण झालेय."

दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनी मुदतवाढ दिली नाही, पण तिथल्या तिथे पोरही दिली नाही. रखमाचा डॉक्टरी दाखला आणि घराची पाहणी, दोन्ही तीन आठवड्यांत आणायला सांगितलं. दाखल्यासाठी जानूने इस्पितळात चार फेऱ्या मारल्या. पाहणीला आलेल्या बाईंनी घराला मोरी कुठे, खिडकी कुठे, सगळं लिहून घेतलं. जानूने त्यांना जाऊ दिलं नाही. "काय लिवलाव ता वाचून दावा," म्हणाला, आणि सही कुठे झाली तेही बघून घेतलं.

मग हुकूम झाला आणि अरुणा घरी आली ती ऐन उन्हाळ्यात. रखमाने तिला जवळ ओढलं तर ती अंग चोरून बापाच्या मागे गेली. आई आता पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती, केसही गळले होते. चार दिवस अरुणा आईच्या हातचं जेवली नाही. रखमा रडली, मग चिडली. "मी काय परकी हाय?" तिने जानूला विचारलं. पुढच्या रविवारी तो पोरीला सायकलवर बसवून वाशीला घेऊन गेला. रखमाला ते मुळीच पटलं नाही.

महिन्याभराने एका सकाळी जानू होडीवरून आला तर घरातून आरडाओरडा ऐकू येत होता. अरुणाला दोन वेण्या हव्या होत्या, रखमा एकच घालत होती. पोर पाय आपटत होती, आई फणीने तिच्या खांद्यावर हाणत होती आणि दोघी एकमेकींना तोंडाला येईल ते बोलत होत्या. जानू टोपली खाली ठेवून बाहेरच्या दगडावर बसला. आत जायची त्याला काही घाई नव्हती.