पत्ता सांगायचा नाही

आमच्याकडे फोन लागला तेव्हा सासूबाईंनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर नंबरही वाटला. अर्ज करून इतकी वर्षं झाली होती की आम्ही आशा सोडली होती. मानपाडा रोडवरच्या आमच्या चार मजली इमारतीत तेव्हा तो एकच फोन. मग काय, ज्याच्या त्याच्या नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, मुलीच्या स्थळाच्या माहितीत आमचा नंबर आणि पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांकडचा फोन. फोन आमचा, बिल आमचं आणि गप्पा इमारतीच्या.

सासूबाई, म्हणजे रंगूबाई, यांना मात्र यात कधी कंटाळा आला नाही. त्यांची सगळी हयात ठाण्याच्या कोळीवाड्यात गेलेली. ओट्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचं, ही सवय. डोंबिवलीतल्या बंद दारांमध्ये त्यांचा जीव कोंडायचा, तो फोन आल्यावर मोकळा झाला. घंटी वाजली की त्या गुडघे धरत उठायच्या, "कोन पाहिजे?" विचारायच्या, "थांबा हां, बोलावते," म्हणायच्या आणि जिन्यात जाऊन अशी हाक द्यायच्या की चौथ्या मजल्यावरचा माणूस ओल्या अंगाने खाली यायचा. समोरच्याला "नंतर करा" म्हणणं त्यांना जमायचंच नाही. दाराशी आलेल्याला पाणी न देता घालवण्यासारखंच ते त्यांना वाटायचं.

इथवर ठीक होतं. पुढे घरोघरी फोन झाले, इमारतीतही चार-पाच आले, तरी लोकांची सवय जाईना. आणि मग विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. पाण्याचा फिल्टर, विमा, सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवा, कुठल्या तरी हॉलिडे क्लबात नवरा-बायकोने जोडीने या आणि मोफत भेटवस्तू घेऊन जा. ही पीडा आमच्यामागे लावली ती दुसऱ्या मजल्यावरच्या शांताबाईंनी. दिवाळीच्या ग्राहक पेठेत मिक्सरच्या सोडतीचं एकही कूपन त्यांनी कोरं सोडलं नव्हतं, आणि प्रत्येकावर नंबर आमचा. स्वतःकडे फोन आल्यावरही आमचाच. म्हणायच्या, "अगं मंजुळा, आमच्या ह्यांना दुपारी झोप लागते. उगीच घंटी वाजलेली चालत नाही."

मी ठाण्याला कचेरीत नोकरी करत होते. दिवसभर लोकांचं ऐकून घरी यायचं, चपला काढायच्या आत फोन वाजायचा, आणि एखादी गोड आवाजाची पोरगी विचारायची, मॅडम, दोन मिनिटं बोलू शकते का? दोन मिनिटं माझ्याकडे असती तर मी भिंतीला टेकून बसले नसते का? पण त्या पोरीलाही कोणी तरी खुर्चीवर बसवून शंभर नंबर दिलेले असणार. तिच्यावर चिडताही यायचं नाही, हा वैताग वेगळाच.

त्या मे महिन्यात मालन आमच्याकडे आली. मालन माझ्या मोठ्या बहिणीची, आवडाबाईची मुलगी. आवडाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. तिने एका टेम्पोवाल्याशी मालनचं लग्न लावून दिलं होतं. काळुराम त्याचं नाव. शीळफाट्यापर्यंत माल ने-आण करायचा. बोलायला इतका गोड की आवडाबाई सगळ्या बाजारात जावयाचं कौतुक सांगत फिरायची. मालन आली ती उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन. काय झालं ते आम्ही एकदाच विचारलं. तिने एकदाच सांगितलं. या खेपेला हात होता, पुढच्या खेपेला काय असेल ते तिला ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

मावशी डोंबिवलीत राहते एवढंच काळुरामला माहीत होतं. लग्नानंतर त्याने मालनला आमच्याकडे कधी पाठवलं नव्हतं, स्वतःही आला नव्हता, त्यामुळे घर त्याने पाहिलेलं नव्हतं. फोन अजून माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे डिरेक्टरीतून माझ्या नवऱ्याच्या, सहदेवच्या नावाने शोधायला गेला तरी हाती काही लागणार नव्हतं. डोंबिवली काही एका गल्लीची नाही. तोंड बंद ठेवलं तर पोर सुखरूप राहणार होती.

म्हणून सहदेवने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "फोनवर पत्ता सांगायचा नाही. बक्षीस लागलं म्हणू दे, कुरिअर आलंय म्हणू दे, कोणी का असेना. इमारतीचं नाव नाही, रस्ता नाही, काही नाही."

सासूबाई या कामालाही मनापासून लागल्या. इतके दिवस त्या फिल्टरवाल्यांना बिचारे म्हणून मुलाबाळांची चौकशी करायच्या, त्या आता वकिलासारख्या बोलायला लागल्या. "पत्ता कंला पाहिजे तुला? तुझा सांग आधी." एकदा खराखुरा कुरिअरवाला अडकला, सहदेवच्या कंपनीचं पाकीट घेऊन. त्यालाही त्यांनी दाद दिली नाही. पाकीट परत गेलं, सहदेव चरफडला.

मालन हळूहळू माणसांत येत होती. प्लॅस्टर निघालं. ती सासूबाईंच्या पायांना तेल लावायची, संध्याकाळी माझ्या हातातली पिशवी दारातच घ्यायची. एकदा कोलीम, म्हणजे ओला जवळा, करताना दोघी कसल्याशा गोष्टीवर इतक्या हसल्या की शांताबाई वर बघायला आल्या. घरात हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी कचेरीतला शीण विसरले. दिवाळीपर्यंत तिला शिवणाच्या वर्गात घालायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

नारळी पुनवेला काळुराम आवडाबाईकडे गेला. हातात नारळ आणि मिठाई. पायाशी बसून रडला म्हणे, चुकलं म्हणाला. आवडाबाईने पत्ता सांगितला नाही. खरं तर तिला सांगताच आला नसता. ती इथे यायची ती नेहमी कोणाच्या तरी सोबतीने. पण तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिला लागणारे सगळे नंबर शेजारच्या वाण्याने दाराजवळच्या भिंतीवर खडूने लिहून दिले होते. बर्फवाल्याचा, गॅसचा, आमचा. नावं नव्हती, नुसते आकडे. चहा आत उकळत होता तेवढ्यात त्याने ते उतरवून घेतले असणार आणि मग एकेक लावून पाहिला असणार.

पुढच्या रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. सहदेव बाजारात गेला होता. फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. त्यांचा आवाज मला गॅलरीत ऐकू येत होता.

"हां, बोला. कोन पाहिजे?" मग नेहमीचं, "थांबा हां, बोलावते." आणि मग घरातच हाक, "मालन, ए पोरी, तुझा फोन."

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. मी आत पळत गेले तोवर मालन ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आली होती. तिला वाटलं, आई असेल. तिने रिसीव्हर कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. ती ऐकत राहिली आणि मग सावकाश फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, आवाज ऐकव ना जरा." तिने हात पदराला पुसले. "मी नाय ऐकवला."

सासूबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "मी पत्ता नाय सांगितला हां," त्या म्हणाल्या. "त्यानं इचारला पन नाय. आजी, मालनला बोलवा जरा, एवढंच बोलला. चांगला बोलत होता."

आणि मग त्यांना कळलं. त्या खाटेवर बसल्या त्या उठेचनात. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडू कशावर? पत्ता सांगू नका हे आम्ही त्यांना बजावलं होतं. आलेल्या फोनवर माणसाला बोलावू नका, हे कोणी सांगितलं होतं? ते सांगायचं असतं हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि सगळी इमारत त्याबद्दल त्यांना दुवा देत होती.

सहदेव आला. म्हणाला, येऊ दे त्याला, बघतो मी. मालन म्हणाली, "काका, तुम्ही सकाळी सातला कंपनीत जाता. मावशी ठाण्याला. मग घरात आजी आणि मी."

तिने स्वतःच ठरवलं. इस्पितळात हाताला प्लॅस्टर घालताना एका बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, अशा बायकांची राहायची सोय होते, लागलं तर ये. मालनने तेव्हा ते कोणाला सांगितलं नव्हतं. "कुठं आहे ते विचारू नको मावशी," ती म्हणाली. "तुला म्हाईत नसलं तर तुझ्याकडून कोनाला कलनार नाय." मी म्हटलं, अगं, मी का सांगणार आहे? तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत गेले. तिची एकच पिशवी होती. मी त्यात न सांगता थोडी सुकी मासळी आणि माझी एक बरी साडी घातली होती. ती रिक्षात बसली, पण रिक्षावाल्याला काही सांगेना. तो मागे वळून दोनदा म्हणाला, किधर जाना है?

"तू आधी वळ ना मावशी," मालन म्हणाली.

मी वळले. लहानपणी हिला मी कडेवर घेऊन खाडीवर हिंडवलं होतं, आणि आता ती कुठे चालली हे ऐकायचाही मला हक्क नव्हता. मागे रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मी चालत राहिले. त्या दिवशी कचेरीत गेले नाही.

काळुराम आलाच, आठवडाही गेला नव्हता. नंबरावरून पत्ता कोणाला तरी धरून काढला असेल. मिठाईचा पुडा घेऊन आला, सासूबाईंच्या पाया पडला, खोल्यांतून नजर फिरवली. सहदेव घरात होता म्हणून आवाज खाली होता. "कुठे आहे ती?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. त्याला खोटं ओळखता येत होतं, आणि हे खोटं नव्हतं. तो निघून गेला. पुढे काही महिने अधूनमधून त्याचे फोन यायचे. तेच विचारायचा, मी तेच सांगायचे.

नंबर बदलून घेऊ, असं सहदेव म्हणाला. अर्जही लिहून आणला त्याने. एका दगडात सगळे पक्षी मेले असते, काळुराम, फिल्टर, विमा, शांताबाईंची कूपनं. मी तो अर्ज फाडला. मालनकडे आमचा तेवढा एकच नंबर होता. तो आम्ही बदलला तर तिने करायचा कुठे?

म्हणून आता घरात असले की प्रत्येक फोन मीच उचलते. सागवान, हॉलिडे क्लब, कोणीही असू दे. पहिला शब्द येईपर्यंत श्वास धरून उभी राहते, आणि मॅडम, दोन मिनिटं बोलू का, असं आलं की खाली बसते. सासूबाई फोनला हात लावत नाहीत. घंटी वाजली की तोंड फिरवून बसतात. इमारतीतले विचारतात, आजी रागावल्या का?

परवा रविवारी दुपारी फोन वाजला. मी हॅलो म्हटलं, समोरून काहीच नाही. ब्लँक कॉल. मी फोन ठेवला नाही. नाव घेता येत नव्हतं. समोर काळुराम असता तर तिचा फोन येण्याची आम्ही वाट बघतोय हे त्याला कळलं असतं. मी नुसतंच म्हटलं, "इकडे सगळे बरे आहेत. आईही बरी आहे, बाजारात बसते रोज."

सासूबाई उठल्या. गुडघे धरत आल्या आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. नुसता कानाला लावून उभ्या राहिल्या, तोंडावर पदर दाबून. मग त्यांनी तो हळूच जागेवर ठेवला.

"कोणी बोललं का?" मी विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "पन लगेच ठेवला नाय."