खालच्या सुराची वीणा

या मायबापांनो, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून ही गोष्ट ऐकू यायची नाही, कारण ती आहे एका आवाजाची आणि त्या आवाजासाठी कारागीर शोधत हिंडलेल्या एका टाळकऱ्याची. ऐकाल तर कीर्तनाला बसल्याचं पुण्य लागेल, एवढं वचन देतो.

एकाहत्तर सालची गोष्ट. काष्टीच्या अलीकडे, घोडनदीच्या काठी एक लहानसं गाव आहे. तिथले मच्छिंद्रबुवा शेती करायचे आणि कीर्तन करायचे. आवाज असा चढा आणि स्वच्छ, की नदीपलीकडच्या मळ्यात गवत कापणाऱ्या बायका विळा थांबवून ऐकायच्या. बुवांच्या उजव्या हाताला टाळ घेऊन कायम उभा असायचा तो सहादेव. मिसरूड फुटल्यापासून त्याने दुसऱ्या कोणाच्या मागे टाळ धरला नव्हता.

त्या थंडीत बुवांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. म्हणजे मुके नाही झाले; पण आधीचा आवाज गेला आणि त्या जागी एक जाड, घुमणारा, जात्याच्या घरघरीसारखा आवाज येऊन बसला. पहिल्या दिवशी मोटेचे बैलसुद्धा मान वळवून बघत राहिले, हा कोण नवा गडी म्हणून.

गावच्या वीणेचा सूर त्यांना आता झेपेना. तारा उतरवून पाहिल्या, तर त्या सैल पडून नुसत्या थडथडायला लागल्या. बुवांनी वीणा काढून सहादेवाच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "सहादू, औंदाच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन दुसऱ्या कुनाला सांगा. राहात्याकडं चांगले बुवा हायेत म्हनं."

सहादेवाला अन्न गोड लागेना. बुवांच्या घरी गेला, तर बुवांची बायको मनकर्णावहिनी चुलीपुढे बसलेल्या.

"भावजी, दिसभर वट्ट्यावर बसून असत्यात. बोलायचं बी सोडलंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आवाजाजोगी वीना कुनी करून दील का? कारागीर तुमीच बघा. मला त्यातलं काय कळतंय?"

"वयनी, माळकरी कारागीर बघतो. देवाचं काम हाय, हात चोख पायजे."

श्रीगोंद्याला छगन म्हणून वीणा करणारे होते. गळ्यात तुळशीची माळ, दुकानात उदबत्ती, तोंडात सतत नाम. सहादेवाने नेलेली गावची वीणा त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, जमिनीला टेकू दिली नाही. सहादेवाचं मन तिथंच भरलं.

"बुवांची वीना? माझं भाग्य!" छगनराव म्हणाले. "पर त्यांचा आवाज येतोय माघारी, तुमी बघा. अगदी ह्या जुनीसारखीच करतो, हलकी, गोड. पांडुरंगाला काळजी."

सहादेवाने लगेच नारळ आणि सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. काम ठरलं की सुपारी द्यायची, आणि दिलेली सुपारी मोडायची नाही, ही आपली रीत.

परत येऊन त्याने उत्साहाने सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं. "अगदी जुनीसारखीच?" एवढंच विचारलं आणि पुन्हा वट्ट्यावर जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी दोघे काष्टीच्या बाजाराला गेले. बुवांना बैल बघायचा होता. बाजाराच्या मागच्या आळीत एका पत्र्याखाली सूर्यभान नावाचा माणूस बसायचा. तमाशाच्या फडांना तुणतुणी करून द्यायचा. पानाने तोंड लाल, कानात अत्तराचा फाया. सहादेव पुढे निघाला, पण बुवांना तहान लागली होती. ते पत्र्याखाली वाकून म्हणाले, "राम कृष्ण हरी. वाईच पानी मिळंल का?"

आणि भिंतीवर काहीतरी गुणगुणलं.

सहादेवाने वर पाहिलं. खुंटीला एक पायलीएवढं थोरलं तुणतुणं टांगलेलं होतं, त्याला जाड पितळी तार. हात कोणाचाच नव्हता, वारा नव्हता.

सूर्यभान पाण्याचा तांब्या तसाच धरून उभा राहिला. "म्हाराज, पुन्यांदा बोला."

"राम कृष्ण हरी," बुवा म्हणाले. तार पुन्हा बोलली.

"आयला!" सूर्यभान म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "माफी असावी. हे तुनतुनं आमच्या फडात मागं सूर धरनाऱ्या एका झिलकऱ्यासाठी केलं हुतं. असाच खोल आवाज त्याचा. त्यो गेला, तवापासून हे मुकं टांगलंय. कुनाच्याच आवाजाला बोललं न्हाई."

"आमच्या बुवांचा आवाज ह्यो न्हवं," सहादेव तडकला. "तापानं बसलाय. येईल माघारी."

"न्हाई यायचा," सूर्यभान सरळ म्हणाला. "वाट बघू नका, म्हाराज. त्यो गेला. पर ह्यो आलाय त्याला कुनी पाट तरी मांडा की! पावना दारात हुबा, अन् तुमी गेलेल्याच्या नावानं रडताय."

"जिभेला काय हाड हाय का न्हाई तुझ्या?"

"सहादू, गप," बुवा म्हणाले. त्या थंडीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. "सूर्यभान, ह्या आवाजाजोगी वीना करशील?"

"मी? वीना कवा केली न्हाई. तार अन् लांबी मी बसवीन, दांडी बी करीन. पर तिला मोठा भोपळा लागंल, घागरीयेवढा. त्यो माज्यापाशी न्हाई. आन गावाला चालंल का? तमाशाचा हात."

"माजी म्हस रोज देवाला दूध देती," बुवा म्हणाले. "तिनं कुठं माळ घातलीय? कर तू."

तिघेही हसले, सहादेव थोडा उशिरा.

पण वाटेत सहादेवाला आठवलं. सुपारी छगनरावांकडे होती. ती मागायला कोणत्या तोंडाने जायचं? सप्ता जवळ येत होता. दोन दिवस त्याने चालढकल केली, आणि तिसऱ्या दिवशी वट्ट्यावरून बुवांचं गुणगुणणं ऐकू आलं. खाली, अगदी खाली, पण सुरात. मग मात्र तो उठला आणि श्रीगोंद्याची एसटी धरली.

छगनरावांनी सगळं ऐकलं. तुणतुण्याचं ऐकताना त्यांच्या हातातली कानस थांबली. सहादेवाला वाटलं, आता हा माणूस आपल्याला उंबऱ्याबाहेर काढणार.

ते उठून आत गेले. आले ते दोन्ही हातांत एक भला मोठा भोपळा घेऊन. चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षं टांगून तो तांब्यासारखा लाल आणि खणखणीत झाला होता.

"ह्यो माज्या वीनेसाठी ठिवला हुता," ते म्हणाले. "हात चालतोय तवर एक मोठी वीना करून देवाला वाहायची, असं मनात हुतं. घ्या."

"छगनराव, पर..."

"इतकी सालं बुवांचं कीर्तन ऐकलं मी. मला त्योच आवाज पायजे हुता, सहादेवा. म्हनून बोललो, जुनीसारखीच करतो. मी बुवांसाठी करतच नव्हतो, माज्यासाठी करत हुतो." त्यांनी भोपळा सहादेवाच्या मांडीवर ठेवला. "सुपारी ऱ्हाऊ द्या. दिलेली मोडायची न्हाई. ह्येच माजं काम झालं समजा. पर मी दिला म्हनून कुठं बोलू नका. त्या गड्याचं नाव हुऊ द्या. तमाशातल्या मानसाला गावात एकदा तरी मान मिळंल."

भोपळा काष्टीला पोचला. सूर्यभानने पान सोडलं, काम होईपर्यंत. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

काल्याच्या दिवशी मांडव भरला. कोणीतरी कुजबुजलं, "तुनतुनंवाल्याची वीना म्हनं." पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बनुबाईंनी मागे न बघता सांगितलं, "ऐक आधी, मग भुंक." बुवांनी मांडवाच्या खांबाशी अवघडून उभ्या असलेल्या सूर्यभानला हात धरून आत आणलं, त्याच्या हातून वीणा गळ्यात घेतली आणि त्याच्या पाया पडले. वीणा घेताना देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. त्यात बुवांनी काही वेगळं केलं नाही. सूर्यभान मात्र लहान मुलासारखा रडला.

तार छेडली. तो सूर कानाला लागण्याआधी मांडीखालच्या जमिनीतून आला. बुवांनी नाम घेतलं, आणि सहादेव टाळ धरून बघत राहिला, कारण मांडवात एक नवीनच गोष्ट घडत होती. ज्यांचे आवाज वयाने उतरले होते, चढा सूर झेपत नाही म्हणून जे म्हातारे वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवत बसायचे, ते गात होते. बनुबाई गात होत्या. बुवांच्या सुरात आता त्यांनाही बसायला जागा होती.

मागच्या ओळीत, चपलांच्या ढिगाशेजारी, माळ घातलेला एक माणूस डोळे मिटून गात होता. सहादेवाने त्याला पाहिलं. त्याने बोटानेच खूण केली: बोलू नको.

भोपळा कोणी दिला, ते सहादेवाने कोणाला सांगितलं नाही; सांगितलं ते थेट आपल्या शेवटच्या आजारात. नाव सूर्यभानचं झालं, ते योग्यच झालं. बुवांना गावोगावची बोलावणीही आली. ती वीणा अजून त्या गावच्या सप्त्यात या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

तेव्हा मायबापहो, एवढं मागणं आहे. कुठेही वीणेला हात जोडाल, तेव्हा तारेला जोडा, दांडीला जोडा. आणि खाली तो भोपळा दिसला, की श्रीगोंद्याच्या छगनरावांना एकदा मनात आठवा. मोठ्याने नको. त्यांना ते आवडायचं नाही.