दुसरा साक्षीदार

"एनॉस टॅगर्ट," ओबेद लॅम्सनने नाव वाचलं आणि लेखणी शाईत बुडवून वाट पाहिली.

कोणी पुढे आलं नाही.

"मेला," सार्जंट पर्ली म्हणाला.

"साक्षीदार?"

"मी एक."

"दोन लागतात."

सकाळपासून हेच चाललं होतं. हजेरीपत्रकावर एकसष्ट नावं होती आणि किल्ल्याच्या अंगणात तेवीस माणसं. ओहायो नदीच्या उत्तरेला, घोड्यावरून तीन दिवसांच्या वाटेवरचा हा ओंडक्यांचा किल्ला. मागच्या नोव्हेंबरात शॉनी आणि मायामी या तिथल्या मूळ जमातींनी अमेरिकन फौजेची दाणादाण उडवली, तेव्हा वाचलेले इथे येऊन थांबले होते. त्या गोष्टीला आठ महिने झाले. पगार त्याच्याही आधीपासून तुंबला होता. तो घेऊन पिट्सबर्गहून ओबेद आला होता, आणि नियम असा की जिवंत असो वा मेलेला, प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचायचं.

मेलेल्यांची नावं भराभर उरकत होती. टॅगर्टचा मेव्हणा लेव्ही क्रॉफर्ड याच्यासाठी तर पाच जण साक्षीला पुढे आले होते. टॅगर्टच्या नावाशी मात्र सगळे जमिनीकडे पाहू लागले.

"योस्ट, फुली मार," सार्जंट म्हणाला.

योस्ट हायझर पेन्सिल्व्हेनियाचा जर्मन, मोठ्या हाडापेराचा, सावकाश बोलणारा. तो जागचा हलला नाही. "मी त्याला मेलेला नाही पाहिलं. ओढ्यापाशी पाहिला. कोट काढला, उलटा करून घातला आणि रस्ता सोडून रानात गेला. चांगला चालत होता."

"तू तेव्हा मागे वळून बघत होतास होय? सगळ्यांच्या पुढे तर तूच धावत होतास."

दोघं-तिघं हसले. योस्टही हसला. "पुढे होतो, म्हणून तर ओढ्यापाशी आधी पोचलो."

ओबेदने ती ओळ कोरी सोडली आणि पुढचं नाव वाचलं.

ज्यांना पैसे मिळत ते चार पावलं चालून छावणीच्या दुकानदाराकडे जात. त्याने पिंपावर फळी टाकून दुकान मांडलं होतं. तंबाखू, व्हिस्की, सुया, मोजे हे सगळं वर्षभर उधारीवर दिलेलं. ओबेदच्या हातातून निघालेला चांदीचा डॉलर शिपायाच्या मुठीत शंभर आकडे मोजेपर्यंतही टिकत नव्हता.

दुपारी सार्जंट टेबलाशी आला. ओबेद खारवलेल्या मांसाचा तुकडा मक्याच्या भाकरीबरोबर चावत होता. कंत्राटदाराचं पीठ दोन आठवडे आलंच नव्हतं.

"साहेब, त्याला बायको आहे."

"माहीत आहे. केझाया. पिट्सबर्गला अधिकाऱ्यांचे कपडे धुते. दर शनिवारी कचेरीत येते विचारायला."

"मग लिहून टाका की. पळून गेला लिहिलंत तर तिला छदाम मिळणार नाही. योस्ट गाढव आहे."

"योस्ट खरं बोलतोय."

"त्याचं खरं कोणाच्या पोटात जाणार आहे?"

ओबेदने भाकरीचा तुकडा मोडला. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. आधीच्या, इंग्रजांविरुद्धच्या लढाईत सहा वर्षं बंदूक वाहिली, तेव्हा पगार म्हणून सरकारी कागद हातात पडले. शंभर डॉलरचा कागद त्याने एका व्यापाऱ्याला बारा डॉलरला विकला, कारण त्या हिवाळ्यात घरात सरपण नव्हतं. पुढे सरकारने त्या कागदांचे पुरे पैसे मोजले, ते व्यापाऱ्याला. ओबेदने त्याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही. अक्षर चांगलं होतं म्हणून पगाराच्या कचेरीत लागला आणि एक नेम धरला. आपल्या हातून कागदावर खोटं उतरू द्यायचं नाही. त्याच्याकडे बाळगण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

निघताना किल्ल्यावरच्या लेफ्टनंटने कोऱ्या ओळीपुढे सही करून दिली. "दुसरा साक्षीदार मिळाला तर भरा. नाही मिळाला तर फरारी लिहा. मला या नावाचं पुन्हा पत्र नको."

परतीची वाट नदीतून, प्रवाहाच्या उलट. वल्ही आणि लांब काठ्या मारत माणसं नाव रेटत होती. सहाव्या दिवशी केंटकीच्या काठावर लाइमस्टोनच्या धक्क्याला मीठ भरायला ती थांबली. आतल्या भागात खाऱ्या झऱ्याचं पाणी आटवून मीठ काढत. तिथली माणसं पिंपं घरंगळत आणत होती. ओबेद एका ओंडक्यावर बसून बघत होता.

त्यातल्या एकाचे केस तांबूस होते आणि डाव्या कानाची पाळी अर्धीच होती.

पत्रकात प्रत्येकाचं वर्णन असतं. ओबेदला ते पाहावं लागलं नाही. तो माणूस पिंप ठेवत होता तेव्हा ओबेद हळूच म्हणाला, "टॅगर्ट."

माणसाचे हात पिंपावर तसेच राहिले. "मला एब्राम कोल म्हणतात."

"म्हणत असतील. मी पकडायला आलेलो नाही. पगाराचा कारकून आहे."

माणसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ओठ वाकडे करून म्हणाला, "लढाईआधी दहा महिने वाट पाहिली तुमची. यायला मुहूर्त हाच सापडला?"

तो ओंडक्यावर बसला, पण मधे दुसरा माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. हातांना मिठाने चिरा पडल्या होत्या.

"परत गेलो तर?" त्याने विचारलं.

"शंभर फटके. पगार जप्त. नशीब वाईट असेल तर फाशी."

"आणि मेलो असेन तर?"

"जानेवारीपासून लढाईच्या दिवसापर्यंतचे वीस डॉलर सव्वीस सेंट. केझायाबाईंना."

"ती कशी आहे?"

"कपडे धुते."

"थंडीत तिचे हात फुटतात," टॅगर्ट म्हणाला.

ओबेद म्हणाला, "फौजेचं सोडा. तिला इकडे बोलावून घेता येईल. कोलची बायको म्हणून राहील. मी कोणाला सांगणार नाही."

टॅगर्टने नदीकडे पाहिलं. "लेव्ही तिचा भाऊ. आईमागे तिनेच वाढवलेला. माझ्या भरवशावर तिने त्याला फौजेत जाऊ दिलं. मांडीत गोळी लागली त्याच्या. माझा हात धरला होता त्याने, असा, दोन्ही हातांनी. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि पळालो." त्याने हात पालथे केले. "तिच्यासमोर बसून जेवायचं कसं, ते सांगा. मग बोलावतो."

ओबेदने कागदांची पेटी जवळ ओढली.

"मेलोय असंच लिहा."

"मला एकट्याला लिहिता येत नाही. साक्षीदार दोन लागतात. मिळालाय एकच."

नावेवरून हाक आली. चार पिंपं राहिली होती. टॅगर्ट उठला आणि परत बसला.

"एब्राम कोलची साक्ष चालेल?"

ओबेदने चटकन मान वर केली. टॅगर्ट थट्टा करत नव्हता. मग ओबेदने पेटी उघडली, कागद गुडघ्यावर घेतला, आणि तरी बराच वेळ लेखणी शाईत बुडवली नाही. नावाड्यांनी दोन पिंपं चढवली, तोवर तो तसाच बसून होता.

"काय पाहिलं कोलने?" शेवटी त्याने विचारलं.

"लिहा. एनॉस टॅगर्ट लढाईत आपल्या मेव्हण्याच्या शेजारी उभा होता. मेव्हणा पडला. ओढ्यापलीकडे एनॉस टॅगर्ट पुन्हा कोणाला दिसला नाही."

ओबेदने शब्दन् शब्द तसाच लिहिला. त्यात खोटं शोधून सापडलं नसतं. खाली टॅगर्टने फुली मारली. त्याच्या बोटाच्या चिरेतलं रक्त कागदाला लागलं, ते त्याने बाहीने पुसलं.

"तिला जास्त थांबवू नका," तो म्हणाला आणि पिंपांकडे गेला.

ऑगस्टच्या अखेरीस, शनिवारी, केझाया कचेरीत आली. हात कोपरापर्यंत लाल, केस रुमालात बांधलेले. भावाचं तिला आधीच कळलं होतं. ओबेदने तिला बसायला खुर्ची दिली. ती उभीच राहिली.

"मिळालं का उत्तर?"

"मिळालं, बाई. दोन जणांनी साक्ष दिली आहे."

तिने मान हलवली. बऱ्याच दिवसांची तयारी असावी तशी. "वाचून दाखवा."

ओबेदने सार्जंटची साक्ष वाचली. मग कोलची. ती पूर्ण ऐकल्यावर केझाया म्हणाली, "ते शेजारी उभा होता वगैरे, तेवढंच पुन्हा वाचा."

त्याने वाचलं.

"म्हणजे लेव्ही पडला तेव्हा एनॉस जवळ होता."

"हो."

"सोडून गेला नाही त्याला."

हा प्रश्न होता की नाही, ते कळत नव्हतं. ती त्याच्याकडे सरळ बघत होती. कागदावर याचं उत्तर नव्हतं. खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी दगडांवरून खडखडत गेली. ती पूर्ण जाईपर्यंत ओबेद थांबला.

"नाही," तो म्हणाला. "नाही सोडलं."

"मग बरं," केझाया म्हणाली. "मला तीच काळजी होती. एकटा असेल का, हीच."

तिने वीस डॉलर रुमालाच्या टोकात बांधले. चिल्लर डॉलर छिन्नीने तोडून केलेल्या तुकड्यांची होती, ती मुठीत धरली. दाराशी थांबून तिने झग्याच्या खिशातून सुतकाची काळ्या कापडाची पट्टी काढली. ती बरोबर आणलेली होती. एका हाताने दंडावर बांधता येईना, म्हणून तिने एक टोक दातांत धरलं आणि गाठ मारली.

ओबेद खिडकीशी गेला. खाली चौकातल्या पंपावर बायकांची रांग होती. केझाया आपली बादली घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या बाईने वळून तिचा दंड पाहिला आणि बाजूला झाली. मग तिच्या पुढची झाली.  त्या कोणासाठी सरकल्या ते बघायला केझायाने एकदा मागे पाहिलं, आणि मग बादली उचलून सगळ्यांच्या पुढे गेली.