तीन पेट्या की एक?

कोडी घालत बसायला मला सवड नाही, मित्रांनो, सरळच सांगते. मी एक जुनी मतपेटी आहे. पोलादी पत्र्याची, डाव्या कोपऱ्यात पोचा आलेली. देशातल्या पहिल्या निवडणुकीसाठी कारखान्यात माझा जन्म झाला आणि बैलगाडीत आदळत-आपटत मी वाशीमकडच्या गावांत आले.

तेव्हा कागदावर शिक्का मारायची रीत नव्हती. जितके उमेदवार, तितक्या पेट्या पडद्याआड मांडायच्या आणि प्रत्येकीवर एकेकाचं चिन्ह चिकटवायचं. मतदारानं एकट्यानं आत यायचं आणि हातातला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. इतकं सोपं! तरी लोकांनी माझा जीव नको नको केला. कोणी कुंकू लावलं, कोणी नारळ ठेवला, एकानं तर बिडीचं थोटूक आत ढकललं. मोजणीच्या वेळी साहेबांनी माझ्या मजबुतीचं कौतुक केलं तेव्हा मी फुगले. पुढे पाच वर्षं कचेरीच्या कोठीत पडून होते. तिथं उंदरांनी संसार थाटला, पण एकाही माणसानं ढुंकून पाहिलं नाही.

सत्तावन्न साली मला केनवडला नेलं; उमेदवार तीन, म्हणून पडद्याआड आम्ही पेट्याही तिघी. तिथलं आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. तांड्यावरच्या सात बाया एकेक करून आत आल्या आणि कागद पदराखाली लपवून तशाच बाहेर गेल्या. मग गावच्या इंद्रभान पाटलांचा माणूस आला आणि आपल्या कागदासोबत ते सातही त्यानं माझ्यात कोंबले, कारण माझ्यावर पाटलांच्याच उमेदवाराचं चिन्ह होतं. पडद्यामुळे कोणालाच काही दिसलं नाही. मला कळलं, पण मी बोलणार कशी?

दोन वर्षांनी सरकारात विचार सुरू झाला की ही रीत बदलावी का. एकाच कागदावर सगळी चिन्हं छापायची, मतदारानं पडद्याआड शिक्का मारायचा आणि सगळ्यांना मिळून पेटी एकच. लोकांना हे जमतं का, ते पाहायला तहसीलदार मला घेऊन केनवडच्या शाळेत आले. माझं तर डोकंच फिरलं. तीन पेट्यांचं काम एकीनं केलं, तर उरलेल्या दोघींनी काय भंगारात जायचं?

जमलेल्या गावकऱ्यांत दोन तास नुसता काथ्याकूट चालला. शाळेच्या जगदेव गुरुजींना शाई पसरण्याची काळजी, दुसऱ्या कोणाला कागदाच्या घडीची. इंद्रभान पाटील म्हणाले, "अडाणी लोकायले शिक्का कुठून जमन? जुनंच राहू द्या." आणि लाज वाटते सांगायला, मित्रांनो, मलाही ते पटलं.

तेवढ्यात मागून धुरपताबाई उठली. त्या सात बायांतली ती एक. पाटलांच्याच वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, जायची.

"साहेब, या नव्या रीतीत कागद बाहीर नेता येईन का?"

"नाही बाई. शिक्का पडद्याआड मारायचा, पण पेटी इथं आमच्यासमोर राहील. कागद सगळ्यांदेखत टाकायचा."

"मंग हेच करा. मागच्या बारीले माहा कागद म्या टाकलाच नाही. पाटलाच्या माणसानं बाहीर मांगून घेतला."

ती पडद्याआड गेली, शिक्का मारला, बाहेर आली आणि कागद माझ्यात टाकला. मत नुसतं सरावाचं होतं, पण कागद पुरता आत जाईपर्यंत तिनं बोट उचललं नाही.

"कोणाले मारला वं?" पाटलांनी दरडावून विचारलं.

"पेटीले इचारा, पाटील."

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या वावरात काम मिळालं नाही, असं शिपायाच्या तोंडून मी ऐकलं.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. माझा गंज पुसला नाही तरी चालेल. पण मोठे झालात की तुमचा कागद दुसऱ्याच्या हातात देऊ नका. धुरपताबाईनं कोणावर शिक्का मारला, ते मला ठाऊक आहे. पाटलांना मी अजून सांगितलेलं नाही.