दिंडोरीची बस

गंगापूर रोडवरच्या डायलिसिस केंद्रात सकाळीच विजेच्या पॅनेलला आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण सगळी यंत्रं बंद पडली. हेमलता सिस्टरांनी रुग्णांना बाहेर सावलीत बसवलं आणि ठरल्याप्रमाणे दिंडोरीच्या केंद्राला फोन लावला. थोड्याच वेळात बस आली.

रस्त्याला द्राक्षबागा लागल्या, तशी हेमलताला डॉक्टर गायधनींची फार आठवण झाली. केंद्र त्यांनीच उभं केलेलं. काही बिघडलेलं नसतानाही दरवर्षी ते सगळ्यांना असंच दिंडोरीला नेत. रुग्णांची माहिती रोज तिकडच्या संगणकावर पाठवायला लावत.

"सर, हा कसला नाद?" तिनं एकदा विचारलं होतं.

"अहो सिस्टर, संकट सांगून येत नाही. आणि यांचं डायलिसिस उद्यावर ढकलता येत नाही."

मग बसमध्ये ते खुशाल गाऊ लागायचे. गेल्या दिवाळीत ते वारले.

"डाक्टर लय बेसूर गायचे, नाय का?" मागच्या सीटवरून सखुबाई म्हणाली; तीही केंद्रातली जुनी रुग्ण. सगळी बस हसली.

दिंडोरीला प्रत्येकाची माहिती तयार होती. एकाचंही डायलिसिस चुकलं नाही.

संध्याकाळी रुग्णांना घरी सोडून हेमलता डॉक्टरांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, दिवसभराचं सांगताना तिला मध्येच रडू फुटलं.

"बस गं," वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "चहा टाकते. मग पहिल्यापासून सांग."